बँडेज निघेपर्यंत

मी ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहिते. पडद्यावर जे दिसतं ते अंध प्रेक्षकांना सांगायचं, तेही दोन संवादांच्या मधल्या फटीत मावेल एवढ्याच शब्दांत. संवादावर बोलायचं नाही, पुढचं आधी फोडायचं नाही आणि आपलं मत घुसडायचं नाही. ‘ती खचली’ असं म्हणायचं नाही, ‘तिची मान खाली जाते’ असं म्हणायचं. बाकीचं ऐकणाऱ्याचं त्याला कळतं.

नव्या मुलांच्या सरावासाठी एक छोटा, स्वतःत पूर्ण असा भाग हवा होता. मी ‘ट्वायलाइट झोन’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतला माझा लाडका भाग निवडला, ‘आय ऑफ द बिहोल्डर’. ११ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर दाखवलेला, कृष्णधवल, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. पाहिला नसेल तर इथेच थांबा, कारण पुढे सगळं फुटणार आहे.

जॅनेट टायलर हॉस्पिटलात पडून आहे, आख्खं डोकं बँडेजमध्ये. तिचा चेहरा चारचौघांसारखा व्हावा म्हणून चाललेला हा अकरावा उपचार, आणि सरकार बारावा करू देत नाही. हाही फसला तर तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत रवानगी. डॉक्टर, नर्स सगळे तिच्याशी मायेने बोलतात. आपल्याला त्यांची पाठ दिसते, हात दिसतात, भिंतीवरच्या सावल्या दिसतात. चेहरा मात्र एकाचाही नाही. शेवटी बँडेज निघतं. डॉक्टर ओरडतो, काहीच बदल नाही! आणि समोर येते एक देखणी तरुणी. मग उजेडात बाकीचे दिसतात. डुकराच्या मुसकटासारखी नाकं, खोल गेलेले डोळे, वाकडे ओठ.

आता हे सांगायचं कसं? एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘डॉक्टरांचा चेहरा अंधारात.’ थोड्या वेळाने ‘नर्सचा चेहरा दिसत नाही.’ अशी वाक्यं तीनदा कानावर पडली की कोणीही ओळखेल, चेहऱ्यांत काहीतरी गोम आहे. दुसऱ्या मुलीने चेहऱ्यांचा उल्लेखच टाळला. फक्त हात, पाठमोरे खांदे, सावली. ऐकायला छान. पण मग कॅमेरा जे इतकं हट्टाने लपवतोय, ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. वर्गात दोन तट पडले आणि चहा गार झाला.

आमची प्रत्येक संहिता एका जन्मांध सहकाऱ्यांकडून तपासून घेतो. त्या दिवशीही ते आले, हेडफोन लावले आणि दोन्ही मसुदे लागोपाठ ऐकले. पहिल्यावर म्हणाले, “कळलं मला, यांची तोंडं धड नाहीत.” दुसऱ्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हा चांगला आहे. पण तुमची भांडणं मला नीटशी कळत नाहीत. मला कुठे कोणाचे चेहरे दिसतात? डॉक्टर बोलतोय ते मी ऐकतो. चांगला माणूस आहे. ती जॅनेटही तेवढंच ऐकते.”

मग मी त्यांना या भागाच्या निर्मितीतली एक गोष्ट सांगितली. दिग्दर्शक डग्लस हेज यांनी नट निवडताना त्यांच्याकडे पाठ केली होती. चेहरे पाहायचे नाहीत, नुसते आवाज ऐकायचे, आणि ज्या आवाजात आपुलकी असेल तो घ्यायचा. बँडेजमधली जॅनेट मॅक्सीन स्टुअर्ट यांनी केली आणि बँडेज निघाल्यावरची डॉना डग्लस यांनी. डॉना यांच्या तोंडी स्टुअर्ट यांचाच आवाज घालायचा बेत होता. पण डॉना यांनी ऐकून ऐकून तो असा उचलला की डबिंगची गरजच पडली नाही. सहकाऱ्यांना हे फार आवडलं. त्यांना तोवर बाई बदलल्याचा पत्ताच नव्हता.

“म्हणजे बघा,” ते म्हणाले, “वीस मिनिटं तुम्ही सगळे डोळस माझ्या बाकावर येऊन बसता. माणूस आवाजावरून ओळखता. मग बँडेज निघतं आणि तुम्ही लगेच उठून आपल्या जागेवर जाता.”

मी हा भाग पाहत आले ती शेवटच्या धक्क्यासाठी. मेकअप विल्यम टटल यांचा, संगीत बर्नार्ड हर्मन यांचं, लेखन मालिकेचे जनक रॉड सर्लिंग यांचं. सगळं त्या एका क्षणाकडे धावतं असंच मला वाटायचं. आमच्या सहकाऱ्यांना त्या क्षणाचं फारसं काही नव्हतं. त्यांना हादरा बसला तो डॉक्टरच्या “नो चेंज”ने. इतका वेळ मऊ असलेला आवाज एकदम किळसला, हे त्यांनी बरोबर टिपलं. त्याआधी हाच डॉक्टर नर्सपाशी कबूल करतो की मला हिचा आतला चेहरा दिसलाय, आणि ती त्याला गप्प करते, असं बोलणं राजद्रोह ठरेल म्हणून. तो संवाद त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

राहिली शेवटची काही सेकंदं. ‘सुंदर’ आम्ही लिहिणार नव्हतोच, ते मत झालं. ‘सोनेरी केस, मोठे डोळे, नितळ त्वचा.’ ठीक. ‘डुकरासारखी नाकं’ यावर मात्र ते अडले. “मी डुकराला हात लावलेला नाही. नाक कसं ते सांगा.”

मुलांनी स्वतःची नाकं बोटाने वर दाबून पाहिली. खोलीत हसू फुटलं. शेवटी ठरलं ते असं: ‘नाकं चपटी, वर दुमडलेली, नाकपुड्या थेट समोर.’ त्यांनी आपल्या नाकावर बोट ठेवून तसं करून पाहिलं आणि मान डोलावली. पण हर्मन यांच्या वाद्यवृंदात एवढं बसेना, म्हणून ‘थेट’ उडवलं.

जाताना त्यांनी विचारलं, याच दिग्दर्शकाचं आणखी काही आहे का? आहे, याच मालिकेतला ‘द इन्व्हेडर्स’, १९६१ चा. त्यात अ‍ॅग्नेस मूरहेड अख्खा भाग एकट्या झुंजतात आणि एक शब्द बोलत नाहीत.

“मग तोच घ्या,” ते म्हणाले. “जागा हवी होती ना तुम्हाला? बोला हवं तेवढं.”