सहीवर अडलेले चार महिने

गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये पाणी भरण्यात बायकांचा किती वेळ जातो, हा माझ्या पीएचडीचा विषय. गाईड, प्रस्ताव, वस्तीतल्या ओळखी, सगळं वेळेत जमलं. अडलं ते विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत.

कमिटीला प्रत्येकीची लेखी संमती सहीनिशी हवी होती. नमुना त्यांचाच, वर ठळक अक्षरांत ‘संमतीपत्र’. मुलाखती सुरू करण्याआधी तो दाखवून मत घ्यावं म्हणून ओळखीच्या एका मावशींकडे गेले. त्यांनी चहा ठेवला, कागद डोळ्यांजवळ धरून मथळा वाचला आणि घडी घालून माझ्या हातात परत दिला. “ताई, बोलायचं तेवढं बोलते. सही नाय करणार.” झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेसाठी बिल्डरची माणसं दारोदार जो कागद फिरवतात, त्याचंही नाव संमतीपत्रच! तिथे सह्यांच्या संख्येवर योजना पुढे सरकते, म्हणून सही म्हटलं की घराचीच धास्ती.

हे मी कमिटीला लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, सहीशिवाय मंजुरी नाही. पुन्हा अर्ज केला. बैठक महिन्यातून एकदा, त्यातली एक कोरमअभावी रद्द. सही म्हणजे बाईचं संरक्षण, असं कमिटीचं म्हणणं. बाईला धोका दिसत होता तो सहीतच. आजही आठवलं की चीड येते.

सुटका केली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी. ठरावीक परिस्थितीत, कमिटीच्या मान्यतेने, तोंडी संमती चालते असं त्यांत स्पष्ट आहे. मला ते चौथ्या महिन्यात सापडलं. असं संशोधन करणार असाल, तर तुम्ही पहिल्याच अर्जाला ते पान जोडा. मथळाही बदलून घ्या. आम्ही ‘या अभ्यासाबद्दल’ असं केलं, मजकूर मोठ्याने वाचला आणि साक्षीदार म्हणून वस्तीतल्या बालवाडीच्या बाईंनी सही केली. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्येच रडले.

मुलाखतीत बुडणाऱ्या वेळेची मजुरी प्रस्तावात सुरुवातीलाच लिहा. मी मागाहून घातली, तर ‘हे प्रलोभन तर नाही?’ म्हणून पुन्हा खुलासा द्यावा लागला.

आणि हो, प्रश्नावली आधी वस्तीत वाचून दाखवा. मी वाचली तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, “रांगेचा टाइम धरला, हंडा माळ्यावर चढवायचा कुठं धरला?” लगेच एक रकाना वाढवला. तो बदलही कमिटीकडे पाठवावा लागला, पण या वेळी आठ दिवसांत मंजूर झाला.