वंचक

होडी दुपारी दीडची, कारण भरती त्या सुमाराची. खाडीवर घड्याळ चालत नाही, तिथी चालते. जानेवारीतला रविवार, ठाण्याची खाडी, आणि ऐरोलीहून निघालेल्या होडीत सगळे फ्लेमिंगोंसाठी आलेले. साहजिकच. २०१५ साली अभयारण्य झालं तेच त्यांच्या नावानं, २०२२ मध्ये रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. पाणी ओसरू लागलं, चिखल उघडा पडला आणि ते दिसलेही, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळणारे. शेजारचे काका लेन्सच्या ओझ्यानं एका बाजूला कलले होते.

मी मात्र तिवराच्या खालच्या फांदीवरच्या वंचकात, म्हणजे एका छोट्या बगळ्यात, अडकलो.

वंचक! काय नाव ठेवलंय बिचाऱ्याचं. बसला की चिखलाच्या रंगाचा, उडाला की पांढरेशुभ्र पंख, एवढ्यावरून ठक? फ्लेमिंगोला रोहित, बदकाला चक्रवाक अशी झकास नावं वाटून झाल्यावर उरलंसुरलं याच्या पदरात पडलं असावं. पावसाळ्याच्या तोंडावर याच्या पाठीवरही गर्द लालसर शेला येतो. पण तोवर बरेचसे फ्लेमिंगो गेलेले, आणि त्यांच्यामागे काकाही.

आमच्या गावी, रत्नागिरीकडे, खाजणाच्या बांधावर हा रोज असायचा. मान खांद्यात घालून, हलायचं नाव नाही. आजी झाप विणता विणता म्हणायची, "बघ, जप चाललाय. डोळा मेल्याचा निवट्यांवर!" निवटे म्हणजे चिखलातले मासे. आणि संध्याकाळी 'शुभं करोति' म्हणताना माझी नजर चुलीवरच्या घावनांकडे गेली, की देवघरातून आवाज यायचा, "आमचा पण बगळा बसलाय गो!" मला राग यायचा. पण बांधावरून जाताना त्याला दगड मारावासा मात्र कधी वाटला नाही; आपल्यातलाच वाटायचा.

"काय, किती जाती झाल्या?" काकांनी विचारलं. त्यांच्या वहीत सत्तावीस होत्या.

"एक," मी म्हटलं.

त्यांनी मला बिस्किटाचा पुडा पुढे केला. बहुधा दया आली.

होडी वळली तेव्हाही तो तसाच बसला होता. त्याला काही मिळालं की नाही, ते तिवरांआड राहिलं. मला मात्र वाटेत तांदळाचं पीठ घ्यायचं आठवलं.