आमची वाटचाल : पुलीवरची एक खूण

गॅरेज सुरू केले तेव्हा फक्त इग्निशनचेच काम करायचे असे आम्ही दोघा भावांनी ठरवलेले नव्हते. ब्रेक, क्लच, टॅपेट, ऑइल बदलणे, जे काम दारात येईल ते आम्ही करत होतो. आज मात्र आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी पाठवलेल्या असतात आणि सोबतच्या चिठ्ठीवर बहुधा दोनच शब्द असतात, ‘टायमिंग बघा’, म्हणजे प्लगला ठिणगी नेमक्या वेळी मिळते का ते पाहा. एवढ्याशा कामावर एखादे गॅरेज उभे राहू शकते, हे आम्हाला स्वतःलाही बरीच वर्षे पटत नव्हते.

ज्या मिस्त्रींकडे मी काम शिकलो ते टायमिंग कानाने लावत. प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगी पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाचा बोल्ट सैल करायचा, इंजिन सुरू ठेवून डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवायचा, आवाज सर्वांत चढेल तिथे थांबायचे आणि तिथून अगदी किंचित मागे आणून बोल्ट आवळायचा. मग गाडी चढावर नेऊन पाहायची आणि खडखड ऐकू आली तर आणखी जरा मागे घ्यायचे. या पद्धतीला मी आजही नावे ठेवत नाही, कारण त्यांचा कान खरोखरच तयार होता. पण रिकामे फिरणारे इंजिन जितकी आधीची ठिणगी, म्हणजे जितके अ‍ॅडव्हान्स आनंदाने घेते तितके ते ओझ्याखाली सोसत नाही, आणि नुकसान करणारे नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) दर वेळी कानाला ऐकू येतेच असे नाही. आम्ही दोघे कानाने टायमिंग लावत होतो तोवर एकाच गाडीवर माझे आणि भावाचे टायमिंग कधी जुळले नाही.

पहिला टायमिंग लाइट आम्ही जुना घेतला. तो निऑनचा होता, एक नंबरच्या प्लगच्या वायरमध्येच जोडावा लागे आणि त्याचा उजेड इतका मंद होता की दिवसा ताडपत्रीचा आडोसा धरल्याशिवाय इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकावरील पुलीवरची खूण दिसत नसे. तरीही त्या मिणमिणत्या उजेडात फिरणारी पुली जागच्या जागी थांबलेली पाहिली, तेव्हा दोघेही काही क्षण बोललो नाही. एक नंबरच्या प्लगला ठिणगी मिळाली की त्याच क्षणी दिवा चमकतो, त्यामुळे प्रत्येक चमकेला पुली त्याच स्थितीत सापडते आणि डोळ्याला ती स्थिर भासते. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी मिळते, म्हणून मिनिटाला ८०० फेऱ्यांवर दिवा ४०० वेळा चमकतो. पुढे बॅटरीवर चालणारा झेनॉनचा दिवा आला, ज्याचा चिमटा वायर न सोडवता तिच्यावर नुसता लावता येतो. चमकत्या दिव्याने फिरती वस्तू थांबवून पाहण्याच्या या युक्तीला १९३०च्या दशकात हॅरॉल्ड एजर्टन यांनी एमआयटीमध्ये विजेच्या मोटारींचा अभ्यास करताना मोठी चालना दिली, आणि ज्या पॉइंट-कॉइलच्या इग्निशनवर आमचे पोट चालले ती पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी तयार केली होती. ही माहिती मला फार उशिरा वाचायला मिळाली. तोवर निम्मे आयुष्य या दोघांच्या कामावर निघाले होते.

दिवा हाती आल्यावर प्रथमच आम्ही अंशांचा विचार करू लागलो. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगी पडताच स्फोटासारखे एकदम पेटत नाही. ज्वाला पसरायला काही मिलिसेकंद लागतात आणि सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून म्हणजे टीडीसीवरून साधारण १२ ते १६ अंश पुढे गेल्यावर यावा लागतो. म्हणून ठिणगी आधीच द्यावी लागते. ८०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात ४.८ अंश फिरतो, तर ३००० फेऱ्यांवर १८ अंश. त्यामुळे वेग वाढला की ठिणगीही अधिक आधी लागते. हे काम डिस्ट्रिब्यूटरच्या आतली स्प्रिंगने धरलेली वजने करतात, आणि पाय हलका असताना विरळ मिश्रण सावकाश जळते म्हणून लागणारे जादा अ‍ॅडव्हान्स व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या शोषणाने हलणारा, डायफ्रॅम देतो. आयडलवर, म्हणजे पाय न देता इंजिन चालू असताना, आपण लावतो ती या सगळ्या बेरजेतली केवळ पहिली रक्कम असते. हे कळल्यावर आमच्या कामाचा क्रम आपोआप बदलला.

आधी पॉइंटचा, म्हणजे उघडून कॉइलमधून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा, गॅप आणि मगच टायमिंग, हा पहिला नियम ठरला, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तो कोन, एका अंशाने बदलला की टायमिंगही क्रँकच्या हिशेबाने सुमारे एका अंशाने हलते. सुरुवातीला आम्ही हे उलट क्रमाने करत होतो आणि गाडी दुसऱ्या दिवशी परत का येते याचे नवल करत होतो. नंतर इंजिन पूर्ण गरम करून आयडलचा वेग पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणायचा, कारण आयडल चढा असेल तर वजने आधीच उघडू लागलेली असतात आणि दिसणारा आकडा खोटा ठरतो. बहुतेक इंजिनांवर व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करायचे. पुलीवरची खूण तारेच्या ब्रशने घासून तिच्यात पांढऱ्या रंगाची बारीक रेघ भरायची. चिमट्यावरचा बाण प्लगच्या दिशेला ठेवायचा. मग बोल्ट हाताने फिरवता येईल इतकाच सैल करून डिस्ट्रिब्यूटर हलवायचा. रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या आतला फिरता भाग, फिरतो त्याच्या उलट दिशेला वळवला तर टायमिंग पुढे जाते, त्याच दिशेला वळवला तर मागे येते. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे हातातला एक अंश पुलीवर दोन अंश होऊन दिसतो, म्हणून नव्या मुलांना मी वळवायला नव्हे, ढकलायला सांगतो. बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा दिवा मारायचा, कारण आवळतानाच ते एक-दोन अंशांनी सरकण्याचा संभव असतो.

बारीक चुका तर आम्ही सगळ्याच करून पाहिल्या. १५० मिलिमीटर व्यासाच्या पुलीच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम १.३ मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे बाजूला उभे राहून तिरके पाहिले तरी दीड-दोन अंश सहज चुकतात. एकदा चिमटा चार नंबरच्या वायरवर लागला होता आणि तरीही खूण बरोबर जागी दिसत होती, कारण १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरच्या, म्हणजे ठिणगीच्या क्रमाच्या, इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात. त्या दिवशी नुकसान झाले नाही, पण दिवा आपल्याला किती कमी सांगतो हे मात्र लक्षात आले. आणखी एक गोष्ट मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी दाखवतो. दिव्याखाली पुली जशी थांबलेली दिसते तसा पंखाही थांबलेला भासू शकतो. भावाच्या शर्टाची बाही अशाच ‘थांबलेल्या’ पंख्याने ओढून फाडली. हात वाचला तो केवळ कापड जुने आणि विरलेले होते म्हणून. तेव्हापासून दिवा हातात घेताना कोपरापर्यंत बाह्या वर, असा कडक नियम आहे.

खरा धडा मात्र एका गाडीने दिला. टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावून दिलेली ती गाडी काही दिवसांनी ‘चढावर वाजते’ म्हणून परत आली. मी दिवा मारला. खूण नेमकी ८ अंशांवर होती. वजने तपासली, तीही ठीक. दोष इंधनाचा असेल असे सांगून मी गाडी परत पाठवली, आणि ती पुढच्या वेळी टोचन लावून आली, तेव्हा एका पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली होती. इंजिन उघडल्यावर कारण सापडले. त्या इंजिनाची पुली दोन भागांची होती, आतला हब आणि बाहेरचे कडे, आणि कंप शोषण्यासाठी दोघांच्या मध्ये रबर. जुने रबर सुटून बाहेरचे कडे हबवर सरकले होते आणि खूण त्या कड्यावर होती. आम्ही ८ समजत होतो ते खरे १६ होते आणि वेगात त्यावर वजनांचे अ‍ॅडव्हान्स चढून एकूण आकडा ४० पर्यंत जात होता, जिथे साधारणपणे तो तिशीच्या आसपास असावा. ते इंजिन आम्ही स्वखर्चाने बांधून दिले. दिवा खोटा बोलला नव्हता. ज्या खुणेवर आम्ही तो मारत होतो तीच जागेवर नव्हती, आणि गाडी तक्रार करत असूनही मी गाडीपेक्षा खुणेवर विश्वास ठेवला होता.

त्यानंतर आम्ही खरा टीडीसी शोधायला शिकलो. पिस्टन अगदी वरच्या टोकाशी असताना क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही, म्हणून प्लगच्या भोकात पेचकस घालून ‘आता वर आला’ असा अंदाज बांधणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. जुन्या प्लगचे चिनी मातीचे पोट काढून त्याच्या जागी बोथट टोकाचा बोल्ट बसवला की पिस्टनला वर येण्याआधीच अडवणारा स्टॉप तयार होतो. बॅटरी सोडवायची, सगळे प्लग काढायचे, एक नंबरच्या भोकात स्टॉप बसवायचा आणि क्रँक पान्याने सावकाश एका दिशेला फिरवून पिस्टन टेकेल तिथे पुलीवर रेघ मारायची; मग उलट फिरवून दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. वीस मिनिटांचे काम आहे, आणि स्टार्टर मारून ते कधीच करायचे नाही.

तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक गाडीच्या पानावर ‘खूण तपासली’ असा एक रकाना आला. त्याच्या शेजारी आयडलपासून ३००० फेऱ्यांपर्यंत दर ५०० फेऱ्यांनी दिसलेले अंश लिहिले जाऊ लागले. हे आकडे इतके बोलके असतील याची कल्पना नव्हती. आकडा लवकरच वर जाऊन थांबला तर वजनांची स्प्रिंग तुटलेली. चढतच नसेल तर वजने गंजून अडकलेली. खूण दोन ठिकाणी नाचत असेल तर डिस्ट्रिब्यूटरचे बुश झिजलेले किंवा टायमिंग चेन सैल. व्हॅक्यूमच्या नळीतली हवा हातपंपाने ओढली आणि पंपाचा काटा खाली आला तर डायफ्रॅम फाटलेला. फाटलेल्या डायफ्रॅमची गाडी नॉक करत नाही, गरमही होत नाही, फक्त सपाट रस्त्यावर जास्त इंधन पिते, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो.

वहीमुळेच इतर गॅरेजवाले डिस्ट्रिब्यूटर काढून आमच्याकडे पाठवू लागले. वेग कमी-जास्त करता येणाऱ्या मोटारीवर, अंश कोरलेल्या चकतीच्या मधोमध डिस्ट्रिब्यूटर फिरवून चारही ठिणग्या बरोबर ९०-९० अंशांच्या अंतराने पडतात का हे पाहणारे बाक आम्ही स्वतः बनवले. गॅरेजला नाव मिळाले ते या बाकामुळे, आणि भाड्याच्या जागेतून स्वतःच्या जागेत आम्ही गेलो तेही त्याच्याच जिवावर.

मग पॉइंट गेले, पाठोपाठ डिस्ट्रिब्यूटरही गेले. मधल्या काळातल्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर होता पण अ‍ॅडव्हान्स संगणक ठरवत असे. तिथे पुस्तकात सांगितल्याप्रमाणे डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये वायर जोडून संगणकाला आधी गप्प बसवावे लागे, नाहीतर खूण स्थिरच राहत नसे. नंतरच्या इंजिनांत वळवायला काहीच उरले नाही. काही वर्षे काम इतके घटले की बाक विकण्याचा विषय घरात दोनदा निघाला. भावाने तो विकू दिला नाही, आणि त्याचे कारण हिशेबाचे नव्हते.

अलीकडे आलेल्या एका गाडीचे पान वहीत नुकतेच भरले आहे. ओढ कमी, इंजिन गरम, दोषाचा कोड एकही नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्यामुळे एक नंबरची कॉइल वर उचलून मध्ये जादा वायर जोडली आणि तिच्यावर चिमटा लावला. स्कॅनरवर १० अंश, दिव्याखालीही १०. दोघांचे एकमत झालेले पाहून हेल्परने चिमटा काढायला हात पुढे केला होता. पण या इंजिनात सेन्सरचे दातही पुलीच्या बाहेरच्या कड्यावरच होते. कडे सरकले तर दात आणि खूण दोन्ही एकत्रच सरकणार आणि दोन्ही साक्षी एकच खोटे सांगणार. प्लग काढून स्टॉप बसवला. कडे ९ अंश सरकले होते, म्हणजे ठिणगी जवळजवळ टीडीसीवरच पडत होती. पुली नवीन बसवून पुन्हा स्टॉप लावून पाहिले, पुन्हा दिवा मारला, आणि ‘खूण तपासली’ या रकान्यात हेल्परकडून सही करून घेतली.