भावंडांचा हिस्सा विकत घ्यावा की घर बदलावे?

आमची सदनिका नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर आहे. वडिलांनी ती १९९५ मध्ये घेतली. मृत्युपत्र न करता ते गेले आणि काही वर्षांनी आईही गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांच्या पश्चात आई आणि आम्ही तिघे भावंडे असे चार समान हिस्से झाले, आणि आईच्या वाट्याचा चौथा हिस्सा पुढे आम्हा तिघांत समान आला. त्यामुळे पुण्याचा दादा, जळगावची ताई आणि इथे राहणारा मी, असे आज प्रत्येकी एक तृतीयांशाचे मालक आहोत. घर मात्र माझेच कुटुंब वापरते. दादाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे आहेत आणि त्याने मला सरळ विचारले, की तू माझा हिस्सा घेतोस की आपण घर विकून तिघेही मोकळे होऊ?

ओझरचा एचएएल विमान कारखाना, नाशिक रोडचा नोटांचा प्रेस, सातपूर आणि अंबडच्या कंपन्या यांत नोकरी करून ज्या पिढीने शहरात सदनिका आणि रो-हाऊस घेतली, त्या पिढीच्या मुलांसमोर आज हाच प्रश्न उभा आहे. त्यावर घराघरांत जे बोलले जाते ते बहुतेक वेळा ‘घरातले घरात बघून घेऊ’ इथेच थांबते. मला ते पटत नाही. आपसातला व्यवहार जितका जिव्हाळ्याचा, तितका तो आकड्यांत आणि कागदावर स्वच्छ असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रश्न किमतीचा होता. शासनाचे वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजे ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, ते मुद्रांक शुल्क ठरवण्यासाठी असतात. प्रत्यक्ष व्यवहाराची रक्कम आणि हे सरकारी मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर शुल्क लागते. भावंडांत हिस्सा ठरवताना मात्र पुष्कळ लोक सोयीने हाच सरकारी दर पुढे करतात, कारण जुन्या इमारतींच्या बाबतीत तो कित्येकदा बाजारभावापेक्षा कमी निघतो. आम्ही नोंदणीकृत मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घेतले, आजूबाजूच्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचे गोषवारे, पाहिले आणि ६० लाख हा आकडा तिघांनी मान्य केला. म्हणजे प्रत्येकाचे २० लाख.

खरा पेच त्यानंतर आला. दादाचे २० लाख द्यायचे, यावर कोणाचेच दुमत नव्हते. ताईच्या बाबतीत मात्र नातेवाइकांनी गृहीत धरले, की ती हक्कसोडपत्र करून देईल. ताई स्वतःही म्हणाली, “मला काय करायचेत पैसे? माझं माहेर राहू दे म्हणजे झालं.” माहेर टिकावे म्हणून बहिणीने सही करायची आणि त्या सहीची किंमत कोणीच विचारायची नाही, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही. पूर्वी राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकारही मुलींना नव्हता. भाऊ आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवतील तेव्हाच बहिणीला बोलता येत असे. ते कलम २००५ च्या दुरुस्तीने रद्द झाले. कायद्याने जे तिला दिले ते मी रीतीच्या आडून काढून घेणार नाही, हे मी तिला आणि इतरांनाही सांगितले. शिवाय ताईचा हिस्सा फुकट मिळेल असे धरले, तरच ‘इथेच राहणे स्वस्त’ हे गणित जमत होते. तो स्वस्तपणा माझ्या हिशोबातला नव्हता, ताईच्या खिशातून आलेला होता.

यात पैशाची आणखी एक बाजू आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा विनामोबदला भावाच्या किंवा बहिणीच्या नावे सोडला, तर मुद्रांक शुल्क काही शे रुपयांत भागते. म्हणून अनेक जण कागदावर विनामोबदला हक्कसोड दाखवतात आणि पैसे बाहेरून देतात. आमच्या वकिलांनी यापासून दूर राहायला सांगितले आणि कारणही समजावले. विनामोबदला आलेल्या हिश्शाचा खरेदीखर्च आयकराच्या दृष्टीने वडिलांच्या मूळ खरेदीवरून, किंवा खरेदी २००१ पूर्वीची असल्याने १ एप्रिल २००१ च्या मूल्यावरून धरला जातो. उद्या घर विकायची वेळ आली, तर आज प्रत्यक्ष दिलेले ४० लाख माझ्या खर्चात धरलेच जाणार नाहीत आणि सगळा भांडवली नफा माझ्या माथी येईल. मोबदला नोंदवलेले खरेदीखत केले, तर त्या दोन हिश्शांचा खर्च ४० लाख धरला जातो आणि बँकेचे कर्जही त्याच कागदावर मिळते. दादा आणि ताई यांना त्यांच्या नफ्यावर कर द्यावा लागेल, हे खरे आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे आणि त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय निवडता येतो. निर्देशांकाचा आधार घेतल्यावर आमच्यासारख्या जुन्या घरात नफा बराच उतरतो. दोघांनी आपापल्या सनदी लेखापालाकडून हिशोब करून घेतला आहे.

मग मधला मार्ग निघाला. सध्या फक्त दादाचा हिस्सा घ्यावा, म्हणजे माझे दोन तृतीयांश होतील, आणि ताईचा एक तृतीयांश तसाच राहू द्यावा. कर्ज निम्म्यावर येते. साडेआठ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी ४० लाखांचा हप्ता साधारण ३९,४०० रुपये होतो, तर २० लाखांचा १९,७०० रुपये. महिन्याच्या खर्चाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे आणि बायकोचा कल बराच काळ याच बाजूला होता. पण हिस्सा असा अर्धवट वाढवला, की काय होते? ताईच्या मालकीची एक तृतीयांश जागा मी वापरत राहतो. त्याचे भाडे द्यायचे म्हटले, तर ती म्हणते, “माहेरचं भाडं घेऊ का मी?” आणि दिले नाही, तर तिच्या पैशावर मी वर्षानुवर्षे बिनव्याजी राहतो. तिचा हिस्सा पुढे कधी घ्यायचा झाला, तर तो त्या दिवसाच्या भावाने घ्यावा लागेल, आणि तसाच घ्यायला हवा. ताईनंतर तो हिस्सा तिच्या यजमानांकडे आणि दोन्ही मुलांकडे जाईल. आज एका फोनवर जो निर्णय होतो, त्याला तेव्हा तिघांच्या सह्या लागतील, आणि त्या मुलांचे या घराशी मामाच्या घरापलीकडे काही नाते नसेल.

वाटेकऱ्याने बाहेरच्याला हिस्सा विकला तर काय, ही भीती आमच्या चर्चेत वारंवार निघाली, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहितो. वारसा कायद्याच्या २२ व्या कलमानुसार, एका वारसाला आपला हिस्सा विकायचा असेल तर प्रथम वर्गातील, म्हणजे पत्नी, मुले, आई अशा जवळच्या, इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम सांगते, की कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला घरात एकत्र ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याने त्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी कुटुंबीयांना मिळते. संरक्षण आहे, पण ते सगळे न्यायालयातून मिळणारे आहे. आमच्यात तशी वेळ येणार नाही याची मला खात्री आहे, तरीही पुढच्या पिढीसाठी असा दावा मागे ठेवायचा नाही.

आता दुसरा पर्याय, घर बदलण्याचा. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद अशा भागांत आम्ही सदनिका पाहिल्या आणि पाथर्डी फाट्याची एक मनात भरली. लिफ्ट, स्वतःचे वाहनतळ, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले असल्याने जीएसटी नाही, किंमत ६२ लाख. जुने घर विकून माझ्या हाती २० लाख येणार, म्हणजे उरले ४२ लाख. त्यावर नाशिक महापालिका हद्दीतले मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था करासह ६ टक्के, म्हणजे ३ लाख ७२ हजार, आणि नोंदणी फी कमाल मर्यादेची ३० हजार. एकूण ४६ लाखांच्या थोडे वर. इकडे दोघांचे हिस्से घ्यायचे तर ४० लाख, शुल्क २ लाख ४० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, म्हणजे ४२ लाख ७० हजार. फरक सव्वातीन लाखांच्या आसपास, आणि तेवढे पैसे जुन्या घराच्या दुरुस्तीत जाणारच होते. स्त्रीच्या नावे घर घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नव्या घरासाठी ती घेता आली असती, त्यामुळे अंतर आणखी कमी झाले असते.

ताईचा हिस्सा पूर्ण मोजला, तेव्हा दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच खर्चाच्या निघाल्या. हा माझ्यासाठी या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा शोध होता. यापुढे प्रश्न इतकाच उरला, की आज मी या घरात राहत नसतो आणि ते बाजारात ६० लाखांना असते, तर मी ते घेतले असते का? हिस्सा वाढवणे ही खरेदीच आहे, आणि जे घर आपण पहिल्यांदा पाहताना काटेकोरपणे तपासतो तेच राहते आहे म्हणून न तपासता घेणे धोक्याचे आहे.

म्हणून एका संरचना अभियंत्याला बोलावले. त्यांनी हातातल्या छोट्या हातोडीने प्रत्येक खोलीचा स्लॅब आणि तुळया ठोकून पाहिल्या. बैठकीत आणि दोन्ही शयनगृहांत आवाज भरीव आला. मागच्या गॅलरीच्या छताला, अगदी कोपऱ्यात, आवाज एकदम पोकळ झाला. तिथला गिलावा काढला तेव्हा आतली सळई तपकिरी पापुद्रे सुटलेली दिसली आणि बोटाने चोळताच गंजाची भुकटी हाताला लागली. गच्चीवरचे पाणी जाण्याचा उतार त्या बाजूला नीट नाही, हे कारण त्यांनी सांगितले. खांब आणि मुख्य तुळया सुस्थितीत आहेत, गॅलरीची सळई साफ करून पॉलिमर मॉर्टरने दुरुस्ती आणि गच्चीचे जलरोधन एवढे पावसाळ्यापूर्वी व्हायला हवे, असा त्यांचा लेखी अहवाल आहे. जलरोधनाचा खर्च सर्व सदनिकाधारकांत वाटला जाईल.

आमची इमारत १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेली आहे, त्यामुळे प्रत्येक सदनिकेसोबत जमिनीचा अविभाज्य टक्केवारीतला वाटा येतो. पुढे पुनर्विकास होईल तेव्हा त्या वाट्याला किंमत असेल. पण ज्या सदनिकेच्या कागदावर तीन नावे आहेत, तिच्या प्रत्येक संमतीला तीन सह्या लागतील. पूर्ण हिस्सा घेण्याच्या बाजूने हे मला मोठे कारण वाटते. विरोधातले सर्वांत मोठे कारण जिना आहे. तीन मजले आज चढतो. साठीनंतर ते जड जाईल हे उघड आहे, आणि पुनर्विकास त्याआधी होईलच असे धरून मी हिशोब मांडलेला नाही.

सिंहस्थापर्यंत थांबा, २०२७ मध्ये भाव वाढतील, असा सल्ला अनेकांनी दिला. ज्याला विकून बाहेर पडायचे आहे त्याने त्याचा विचार करावा. मला राहायचे आहे. भाव वाढला तर दादा-ताईचे हिस्से महागतील आणि पाथर्डी फाट्याचे घरही महागेल. थांबण्यात माझा काही लाभ नाही, आणि दादाच्या मुलीचे प्रवेश थांबणारे नाहीत.

बायकोची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुलगा केटीएचएम महाविद्यालयात शिकतो, आणि अभियंत्याच्या अहवालानंतर मी स्वतःला विचारलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, घेतले असते’ असे आले. आम्ही इथेच राहायचे ठरवले आहे, आणि दोन्ही हिस्से एकाच वेळी घ्यायचे ठरवले आहे. हप्ता जड आहे, म्हणून गाडी बदलण्याचा विचार सोडला आणि बायकोच्या नावची एक मुदतठेव मोडून कर्जाची रक्कम ३३ लाखांवर आणली. तिने ते आपणहून सुचवले, आणि जिथे तिचा पैसा आहे तिथे तिचे नाव असायला हवे, म्हणून तीही खरेदीखतात खरेदीदार असेल. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्याच नावे होते, त्यामुळे खरेदीखताचा मार्ग इथेही उपयोगी पडला.

वारस प्रमाणपत्राचा अर्ज दिवाणी न्यायालयात दाखल आहे, मालकीच्या कागदपत्रांचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आला आहे, आणि बँकेची तत्त्वतः मंजुरी मिळाली आहे. खरेदीखताच्या मसुद्यात मोबदल्याचे कलम दोघांसाठी स्वतंत्र लिहायला सांगितले आहे. ताईच्या २० लाखांचा धनादेश तिच्या एकटीच्या खात्यावर निघेल आणि त्याचा क्रमांक तिच्या नावापुढे नोंदवला जाईल. ते पैसे घ्यायला ती शेवटी तयार झाली, तेव्हा तिने एकच अट घातली, की दिवाळीला भाऊबीज याच घरात होईल.