तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला एअरब्रश घेऊ?

४ डिसेंबर २०२३ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिन झाला. नौदलाची मिग-२९के लढाऊ विमानं डोक्यावरून गेली तेव्हा वाळूत उभ्या असलेल्या अर्ध्या पोरांनी कान झाकले होते आणि उरलेल्यांनी तोंड उघडं टाकलं होतं. विमानांची मॉडेल्स घेऊन माझ्याकडे येणारी मुलं त्यानंतर वाढली. चिकटवणं, घासणं जमलं की प्रत्येकाचा प्रश्न एकच: "मावशी, एअरब्रश कुठला घेऊ?" आईवडील विचारतात, "ताई, कुठल्या कंपनीचा चांगला?" परवा देवबागची एक नववीतली मुलगी विचारून गेली. तिला दारात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरं होतं, म्हणून हे सविस्तर.

आधी एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारं पेनासारखं हत्यार, लागतोच का, ते सांगते. जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावर सी हॉक लढाऊ विमानं होती. त्यातलं एक १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, केलं तर जेमतेम १७ सेंटीमीटर लांब होतं. या मापात १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ७ सेंटीमीटर. हाताच्या ब्रशने रंगाचा थर जाड बसला, की पत्र्याच्या जोडांच्या बारीक रेघा बुजतात आणि विमान गिलावा केल्यासारखं दिसतं. एअरब्रशचा थर इतका पातळ बसतो की रेघा तशाच राहतात. सी हॉकला वर गडद एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि खाली 'स्काय' नावाचा, आकाशी मुळीच नसलेला, फिकट हिरवट रंग. एवढे दोनच सपाट रंग, पण ते सारखे बसवणं हाताच्या ब्रशला फार अवघड.

आता कुठला. माझं उत्तर असं की आधी हवा घ्या, म्हणजे हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर, मग एअरब्रश. तीन हिश्श्यांतले दोन हिस्से पैसे कॉम्प्रेसरवर घाला, उरलेल्यात पेन बसवा. (एअरब्रशला आम्ही पेनच म्हणतो.) पुण्यातला माणूस हा सल्ला कदाचित देणार नाही. पण आपण समुद्राकाठी राहतो.

हे मी मामांकडून शिकले. त्यांची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, होती. श्रावण लागला की लोक आपापले पाट आणून द्यायचे आणि भर पावसात मूर्तींवर स्प्रे चालायचा. दर तासाभराने मामा उठायचे, कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी सोडायचे आणि फुस्सकन पाणी बाहेर यायचं. मी लहान होते, विचारलं की टाकीत पाणी कोण भरतं. म्हणाले, "चेडवा, हवेतच पाणी आसा. आधी ता काढ, मगे रंग भर."

ते पाणी येतं ते असं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून पाव-पंचमांश जागेत कोंबतो. त्या हवेतलं बाष्पही तेवढ्याच जागेत कोंबलं जातं. दाबताना हवा तापते, तोवर बाष्प तग धरतं. ती निवली की निम्म्याहून जास्त बाष्पाचं पाणी होतं. देशावर उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथे हे जाणवतही नाही. आपल्याकडे आषाढात कपडे चार दिवस वाळत नाहीत, त्याच हवेने तुम्ही रंग उडवणार आहात. मग गुळगुळीत पंखावर मध्येच एक थेंब थुंकल्यासारखा पडतो आणि सगळा थर परत घासावा लागतो.

म्हणून कॉम्प्रेसर टाकीवाला घ्या. तीन लिटरची टाकी पुरते. तिच्यामुळे हवा धडधडत न येता सलग येते आणि काही पाणी तिथेच बसतं. दाब कमीजास्त करायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप त्यावर असतोच, पण तो कॉम्प्रेसरच्या अंगाला चिकटलेला असतो. तिथून जाणारी हवा अजून कोमट असते, ती पुढे नळीत निवते आणि पाणी तिथे धरतं. त्यामुळे दुसरा छोटा ट्रॅप थेट पेनच्या खाली लावा. माझ्या मते या किनाऱ्यावर त्याच्याइतकी किमतीला उतरणारी दुसरी वस्तू नाही. काम संपलं की टाकीची चावी सोडून पाणी काढायचं, रोज. नाहीतर टाकी आतून गंजते, आणि गंजलेल्या टाकीत दाब भरणं धोक्याचं आहे.

फ्रिजवाल्याकडून जुना कॉम्प्रेसर जुळवून घेऊ का, असंही विचारतात. तो आवाज करत नाही, हे खरं. पण त्यातून हवेबरोबर तेलाचा अंश येतो आणि रंग त्या जागी धरत नाही, बारीक गोल डोळे पडतात. शिवाय सेफ्टी वॉल्व नसेल तर मुलाच्या खोलीत तो मी ठेवू देणार नाही.

आता पेन. डबल अॅक्शन घ्या: बोटाने खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. रंगाची वाटी वरच्या बाजूला असावी, म्हणजे रंग आपल्या वजनाने उतरतो, दाब कमी लागतो आणि चार थेंबांत काम होतं. खाली बाटली लटकणारे मोठ्या मूर्तींना ठीक. नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं टोकाचं भोक, ०.३ ते ०.४ मिलिमीटर. त्यातून मागेपुढे होणारी सुई रंग सोडते आणि अडवते. ०.२ बघून मुलं भुलतात, बारीक रेघ येईल म्हणून, पण पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग त्यात सारखा अडकतो आणि निम्मा वेळ सुई साफ करण्यात जातो. बारीक रेघ नोझलपेक्षा हाताने आणि रंगाच्या पातळपणाने जास्त येते. रंग आंबोळीच्या पिठासारखा दाट नको, घावनाच्या पिठासारखा पातळ पाहिजे. वाटीच्या कडेवरून ओघळताना मागे पातळ, आरपार दिसणारा पदर राहिला की बरोबर. मग दाब १५ ते २० पीएसआय (रेग्युलेटरवर दिसणारं दाबाचं माप) पुरतो.

कंपनीचं म्हणाल तर माझ्याकडे इवाटाचा एक्लिप्स आहे, ०.३५चा. त्याचं नोझल आट्यांचं नाही, नुसतं जागेवर ठेवून वरची टोपी फिरवायची. हार्डर अँड स्टीनबेकचंही तसंच. स्वस्त पेनमध्ये बहुधा तांदळाच्या दाण्याएवढं नोझल इवल्याशा पान्याने आट्यांत बसवायचं असतं, आणि जरा जास्त पिळलं की ते तुटतं. माझं पहिलं असंच तुटलं, तुकडा आतच राहिला. म्हणून दुकानात एवढंच विचारा: याची सुई आणि नोझल सुटी मिळते का? नाही म्हणाले तर कितीही देखणा असो, घेऊ नका. आणि आणल्या आणल्या वाटीत नुसतं पाणी घालून फवारा. वाटीत बुडबुडे आले, तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलेलं आहे. लगेच परत करा.

पावसाचं आणखी एक. एका जुलैत मी सी हॉकवर लॅकर, म्हणजे उग्र वासाच्या थिनरमध्ये कालवायचा रंग, मारला आणि दहा मिनिटांत गडद करडा रंग दुधाळ झाला. लॅकरचा थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल ओल्या रंगावरच धरते. मला वाटलं, विमान गेलं. पण सावकाश वाळणाऱ्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारल्यावर थर पुन्हा विरघळून साफ झाला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी अॅक्रिलिकच वापरते. ओलीमुळे तो सुईच्या टोकावर लवकर वाळत नाही, हा पावसाळ्याचा फायदाच. मे महिन्यात उलट होतं, तेव्हा रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब लागतात. लॅकर मुलांच्या हाती देऊ नका. मोठ्यांनीही दार-खिडक्या उघड्या ठेवून, कार्बन फिल्टरचा मास्क लावूनच मारावा. कापडी मास्कने वाफ अडत नाही.

वीज गेली तर? टाकीतली हवा मिनिटभरही पुरत नाही. तौक्ते वादळाच्या वेळी, २०२१च्या मे महिन्यात, दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हा गॅरेजवाल्याने टायरच्या वॉल्वला बसेल असा जोड करून दिला आणि मी गाडीच्या स्टेपनीवर रंगवलं. पाचेक मिनिटं हवा येते, अजिबात धडधड नाही. मधल्या वेळात पायपंपाने भरायचं. मुलांना हे काम फार आवडतं.

आणि खारी हवा. पेन आतून पितळेचं असतं, वर मुलामा. मुलामा उडाला की तिथे हिरवा कळंक चढतो, ताक ठेवलेल्या पितळी भांड्याला चढतो तसाच. काच पुसायच्या अमोनियावाल्या पाण्यात पेन भिजत टाकू नका, त्याने हे लवकर होतं. धुवा, कोरडं करा, सुईला तेलाचं नुसतं बोट लावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. सुईच्या टोकाला टोपी घालायला विसरू नका. टोक केसभर वाकलं तरी फवारा एका बाजूला जातो.

देवबागच्या मुलीला माझं एवढं सांगणं आहे: इतक्यात काही विकत घेऊ नकोस. दिवाळीच्या सुट्टीत तुझं विमान घेऊन ये, आठवडाभर माझ्या पेनवर हात बसव. पहिले दोन दिवस फक्त ठिपके आणि रेघा, पाटीवर गिरवतात तशा. येताना जुने पेपर आण, बरेच लागतील.