नाडीपरीक्षा

रविवारी दुपारी रंकाळ्याच्या काठावर मी गाडीचा रिमोट कपाळाला टेकवून बटण दाबत उभा होतो आणि भेळेच्या गाडीवरचा माणूस कांदा चिरायचा थांबून माझ्याकडे पाहत होता. रिमोट डोक्याला लावला की त्याचा पल्ला थोडा वाढतो हे खरे आहे, पण ते त्याला समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती. एरवी रस्त्यापलीकडून उघडणारी गाडी महिनाभरापासून मला रोज थोडे अधिक जवळ बोलावत होती, आणि त्या दिवशी काचेला नाक लागले तरी ती ढिम्म होती. अखेर रिमोटमधली दुमडलेली किल्ली उघडून दाराला लावली. गाडी मात्र लगेच सुरू झाली, कारण इंजिनाला ओळख पटवणारी चिप रिमोटमधल्या सेलवर चालत नाही.

घरी येऊन नाण्याच्या कडेने रिमोट उकलला. सेल सीआर २०३२ होता, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. मीटर लावला तर आकडा आला २.९६ व्होल्ट. तीनाच्या सेलला आणखी काय हवे, असे म्हणून तो परत बसवला. गाडी पुन्हा गप्प.

सेल तपासण्याबाबत आमच्या घराण्याला फाजील आत्मविश्वास आहे. शुक्रवार पेठेतल्या घरी अण्णांच्या ट्रान्झिस्टरवर सांगली केंद्र घरघरू लागले, की ते चारही सेल काढून उंबऱ्यावर उन्हात ओळीने मांडत, शेजारी सांडगे असत, आणि कावळ्यांपासून दोहोंची राखण माझ्याकडे असे. तापलेले सेल घातल्यावर आवाज दोन संध्याकाळी पुरता सुधारे. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी मात्र अण्णा जिभेला लावून पाहत आणि डोळे मिटून, आमटीची चव घ्यावी तसे, "आहे अजून" म्हणत. हा चपटा सेल तोंडाजवळही नेऊ नये. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडवरच्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने सेल चिमट्याने कडेला धरला, मीटरच्या दोन टोकांमध्ये एक बारीकसा रेझिस्टर, म्हणजे सेलवर थोडा भार टाकणारा तुकडा, अडकवला आणि मीटर माझ्याकडे वळवला. आकडा दोनच्याही खाली घसरत गेला. रेझिस्टर काढताच हळूहळू वर चढू लागला.

"बसल्या जागी सगळेच तीन दाखवत्यात की ओ," तो म्हणाला. "कामाला लावल्यावर कळतंय."

सेल उतरत जातो तसा त्याचा आतला रोध वाढतो, आणि बटण दाबल्यावर रेडिओलहर सोडायला लागणारा झटका त्याला पेलवत नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नसल्यामुळे त्याच्यासमोर सेल ऐटीत उभा राहतो. हे मी शाळेत शिकलो होतो, मार्कही मिळवले होते.

नवा सेल घातला आणि गाडी समोरच्या फुटपाथवरूनच किलकिलली. जुना मी टाकलेला नाही. नातवाचा हात पोहोचणार नाही अशा खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. उन्हाने याचे काही होत नाही हे मला ठाऊक आहे, आणि तसेही चार दिवस कोल्हापुरात ऊन पडलेले नाही.