एकाच कणाच्या तीन चौकटी

फॉर्मवर ‘वाळूचा स्रोत’ असा रकाना होता. पुढे तीन चौकटी: वारा, नदी, मानवी कारण. खाली बारीक अक्षरांत ‘कृपया एकाच ठिकाणी खूण करावी’. हा फॉर्म ज्यांनी तयार केला त्यांनी आयुष्यात एकदा तरी चिखलात पाय घातला असेल का, याची मला दाट शंका आहे.

एका पाणथळात वाळू पसरत चालली होती. एका अंगाला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाने येऊन मिळणारी छोटी नदी, मधे पाणकणीस आणि लव्हाळ्याचं रान. टेकड्याच पुढे सरकताहेत हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. उतारांवर रोपं लावून झाली होती, वारा अडवायला कुडाची कुंपणं उभी होती, उद्घाटनाचे फोटोही निघाले होते. मला बोलावलं होतं ते या ठरलेल्या निष्कर्षावर शिक्का मारायला.

पाणथळावर काम करते म्हटलं की लोक पक्ष्यांबद्दल विचारतात. माझा दिवस जातो नळी ठोकण्यात. चिखलाचा नमुना काढणं सोपं. चिखल नळीला धरून राहतो. पाण्याखालची वाळू मात्र नळी उचलली की खालून निसटते आणि हातात रिकामी नळी येते. म्हणून ठोकून झाली की नळी काठोकाठ पाण्याने भरायची, वर रबरी बूच घट्ट बसवायचं आणि मग सावकाश, एका लयीत वर ओढायची. आत हवेला शिरायला वाव नसला की वाळू जागच्या जागी राहते. बूच लावण्याआधी आणखी एक काम असतं, आणि नवी मुलं ते हमखास विसरतात: नळीच्या आतली आणि बाहेरची गाळाची पातळी मोजून ठेवायची. आतली पातळी खाली गेलेली असेल तर ठोकताना नमुना दबलाय. तो आकडा लिहिला नाही तर पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं. माझ्या सहायकाने त्या दिवशी तो न सांगता लिहिला, याचं मला अजून कौतुक आहे.

नळी उभी चिरली तेव्हा तळाला काळाशार, मुळ्यांनी विणलेला गाळ होता, गंधकाचा उग्र वास मारणारा. त्यात मधूनमधून वाळूच्या बारीक रेघा. प्रत्येक रेघ खाली भरड, वर बारीक होत जाणारी, आणि तिच्यावर पुन्हा काळा गाळ. म्हणजे पूर येत होता, थोडी वाळू टाकून जात होता, आणि पुढच्या काही वर्षांत गवत तिच्यातून वर येत होतं. वाळू या पाणथळाला नवी नव्हती. त्याच्या वर मात्र हातभर जाडीचा वाळूचा थर होता, त्यात काळ्या गाळाची एक रेघसुद्धा नाही. आणि सगळ्यात वर, चार बोटं, वेगळीच वाळू: बारीक, फिकट, सगळे कण एका मापाचे.

बरोबर आलेले अभियंता साहेब त्या वरच्या थराकडे बघून खूश झाले. “टेकडीचीच ना, मॅडम?” दिसायला तशीच होती. वारा कण निवडून उचलतो. भरड मागे राहतात, धुळीएवढे बारीक लांब उडून जातात, मधले एकत्र साचतात. पण भिंगाखाली धरलं तर कणांचे कोपरे शाबूत. टेकडीवरचा नमुना शेजारी ठेवला. ते कण गोलसर, घासलेल्या काचेसारखे निस्तेज. वाऱ्यात एकमेकांवर आपटून आपटून झालेले. मापाने निवड व्हायला छोटा प्रवास पुरतो. कोपरे झिजायला फार मोठा काळ लागतो. हे कण वाऱ्याने आणलेले होते, पण वाऱ्यात मुरलेले नव्हते. खालच्या हातभर थरात तर लहानमोठे कण मिसळलेले, कोपरे टोकदार आणि जागोजागी चमकणारं अभ्रक. ती सरळसरळ नदीची वाळू.

मग टेकड्यांपासून नदीच्या मुखापर्यंत एका ओळीत नमुने घेतले. वरचा बारीक थर टेकड्यांकडे पातळ होत गेला, मुखाकडे जाड. टेकड्या निर्दोष होत्या.

मुखाशी पोहोचलो आणि सगळं उघड झालं. नदीला दोन्ही बाजूंनी मातीचे बांध घातलेले. पूर्वी पूर वरच्या सपाटीवर पसरायचा आणि बरीचशी वाळू तिथेच टाकायचा. आता पाणी बांधांच्या मधून जोरात येतं, मुखाशी पसरतं, वेग एकदम मोडतो आणि सगळी वाळू एकाच जागी पडते. तिथे पंख्याच्या आकाराचा उंचवटा तयार झालाय. कोरड्या हंगामात तो उघडा पडतो, आणि वारा त्यातली मधल्या मापाची वाळू उचलून पाणकणसात टाकतो. एकच कण: नदीने आणला, वाऱ्याने पसरवला, माणसाने बांधलेल्या बांधामुळे. तिन्ही चौकटींवर खूण करावी असा.

“दोन चालणार नाहीत, तीन तर नाहीच. सिस्टीम घेतच नाही,” साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

वाळू म्हणजे काय, कोरडी जमीन वाढली, असं बैठकीत एकजण म्हणाले. पाणथळात बोटभर उंचीने सगळं बदलतं. उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरींमधल्या, म्हणजे गवताळ मैदानांतल्या, पाणथळांवर २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बियांवर नुसता अर्धा सेंटिमीटर मातीचा थर आला तर रोपांची उगवण ९० टक्क्यांहून जास्त घटली. शिवाय वाळू पाणी धरत नाही. काळा गाळ महिनोन्‌महिने ओला राहतो, वाळू पाण्याची पातळी उतरली की लगेच सुकते, आणि लव्हाळ्याच्या जागी झुडपं येतात.

दुसरा मुद्दा निघाला की नदीच्या वरच्या अंगाची खाण बंद झाली, आता वाळू थांबेल. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी पाण्याच्या झोतांनी डोंगर फोडले जायचे. १८८४ मध्ये न्यायालयाच्या निकालाने ते बहुतांशी थांबलं. १९१७ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने त्याचा अहवाल लिहिला तेव्हाही त्या खाणकामाचा गाळ नद्यांमधून लाटेसारखा खाली सरकतच होता. नदीच्या पोटात साठलेल्या वाळूला खाण बंद झाल्याचा हुकूम पोहोचत नाही.

मी ‘मानवी कारण’वर खूण केली आणि सगळा हिशोब जोडपत्रात लिहिला. वर गेलेल्या सारांशात ‘नदी’ झालं होतं. कारण उघड आहे: नदीची वाळू म्हटलं की उपसा करता येतो, आणि उपशासाठी निधीचं शीर्षक तयार असतं. बांधात बदल करायला कोणतंच शीर्षक नाही. मुखाशी खड्डा केला की तिथला उतार तीव्र होतो, नदी आपला तळ खणत वरच्या दिशेने जाते आणि ती खणलेली वाळू परत त्याच खड्ड्यात येऊन पडते. हे मी जोडपत्रात आकृतीसकट दिलंय. जोडपत्रं कोण वाचतं!

वाळूने प्रवाह बुजणं ही मुळात आपत्ती नाही, हे मला अजून कुणाला नीट पटवता आलेलं नाही. आफ्रिकेतला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश याच्यावरच जगतो. तिथे पपायरस या उंच लव्हाळ्याच्या काठांमधून पाणी बाजूला झिरपतं, वाळू तळाशी साचून राहते, प्रवाहाचा तळ उंच होतो, शेवटी पाणी तो सोडून दुसरीकडून वाट काढतं. जुनी वाट सुकते, नवीकडे दलदल होते. आमच्या नदीला बाजूला सरकायला जागाच ठेवलेली नाही.

म्हणून मी सुचवलं की वरच्या बाजूला बांधाचा एक तुकडा उतरवावा, म्हणजे मोठ्या पुरात पाणी सपाटीवर पसरेल. त्या जागेमागे शेती आहे. तिथले एक काका मला बांधावर भेटले. “वाळू तुमच्या गवतात पडली तर नुकसान, आणि माझ्या शेतात पडली तर?” मी सांगू शकले असते की पुराचा गाळ जमीन सुपीक करतो. ते खरंही आहे, पण त्यांच्यासाठी नाही. पाणी बांधाबाहेर पडलं की जड वाळू अगदी जवळ पडते आणि पोयटा पुढे जातो. त्यांच्या वाट्याला वाळू, चार शेतं पलीकडच्याला पोयटा. मी त्यांना हे असंच सांगितलं. ते म्हणाले, “मग माझंच शेत का?” उतारामुळे, एवढंच उत्तर होतं.

अहवालात मी नंतर भर घातली, की त्या पट्ट्याला दरवर्षीची नुकसानभरपाई न देता तो बाजारभावाने विकतच घ्यावा, आणि बांधाला हात लावण्याआधी. दरम्यान पाणकणसात ठिकठिकाणी फेल्डस्पार या खनिजाच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून ठेवलाय. पुढच्या पुरानंतर तिथे नळी ठोकली की पांढऱ्या रेघेवर किती वाळू चढली ते सरळ मोजता येईल. विकत घेण्याच्या सूचनेवर उत्तर आलेलं नाही. उपशाची निविदा निघाली आहे.